छोटी गाडी ॲव्हरेज देत नाही? आधी मोजा, मग दुरुस्त करा, मग चालवणं बदला

अल्टो, एस-प्रेसो, क्विडसारखी गाडी लोक घेतात ती पार्किंगला सोपी आणि पेट्रोलला हलकी म्हणून. वर्षभरात तक्रार सुरू होते, 'कंपनी बावीस सांगते, आम्हाला चौदा मिळतं.' मग कुणी पेट्रोलमध्ये बाटलीतलं औषध ओततं, कुणी जाडं ऑइल घालतं, तर कुणी उतारावर न्यूट्रल मारून गाडी सोडतं. या सगळ्यात गफलत एकच, ती क्रमाची. गाडी नक्की किती देते हे न मोजताच उपाय सुरू होतात. ब्रेक धरून ठेवणाऱ्या गाडीवर चालवण्याचं कसब वाया जातं, आणि चालवण्याच्या सवयीचा दोष गॅरेजवाल्याच्या माथी जातो.

खालच्या पायऱ्या दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. आकडे प्रामुख्याने ८०० ते १००० सीसीच्या, तीन सिलिंडरच्या पेट्रोल गाड्यांचे आहेत.

तयारीला फार काही लागत नाही. टायरची हवा मोजायचा स्वतःचा गेज, एक छोटी वही, गाडीसोबत आलेला जॅक आणि पाना, चाकाखाली लावायला दोन दगड किंवा लाकडी ठोकळे, आणि गाडीचं मॅन्युअल. मॅन्युअल हरवलं असेल तर कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या. ऑइलचा ग्रेड आणि स्पार्क प्लगचा नंबर ऐकीव माहितीवर ठरवू नका.

## पायरी १ : अपेक्षा नीट ठरवा

बीएस-६ अल्टो ८०० चा अधिकृत आकडा २२.०५, तर २०२२ पासूनच्या, हाताने गिअर बदलायच्या अल्टो के-१० चा २४.३९ किलोमीटर प्रतिलिटर. ही चाचणी रस्त्यावर होत नाही. प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या चक्राप्रमाणे चालवतात. ते चक्र ११८० सेकंदांचं, जेमतेम साडेदहा किलोमीटरचं असतं आणि त्यात कमाल वेग ताशी ९०. एसी बंद. खड्डे नाहीत, चढ नाही, मागून हॉर्न नाही. संध्याकाळी सहाला हिंजवडीहून स्वारगेटला निघालेल्या गाडीने हाच आकडा द्यावा ही अपेक्षाच चुकीची आहे.

निरोगी गाडीला पुण्या-मुंबईच्या भर गर्दीत एसी लावून १४ ते १७, मिश्र वापरात १८ ते २० आणि महामार्गावर ७०-८० च्या वेगाने २१ च्या पुढे मिळत असेल, तर तिच्यात बिघाड शोधू नका. पायरी २ ची मोजणी करून थेट पायरी ७ वर जा.

पेट्रोलही बदललं आहे. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. मूळ इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज ई-२० मुळे (म्हणजे २० टक्के मिश्रणामुळे) ६ ते ७ टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच दिला होता. जुनी गाडी वीस देत असेल तर ती पावणेएकोणीसच्या आसपास येणं हा बिघाड नव्हे.

## पायरी २ : टाकी ते टाकी मोजणी

सर्वाधिक चुका इथेच होतात, म्हणून ही पायरी सावकाश वाचा.

पाचशेचं पेट्रोल टाकून काटा कुठून कुठे गेला हे बघणं म्हणजे मोजणी नव्हे. पाचशे रुपयांत पाच लिटरही येत नाही. टाकीतला तरंगता फ्लोट आणि डॅशबोर्डवरच्या रेघा सारख्या अंतराने खाली येत नाहीत. बऱ्याच गाड्यांत वरचा अर्धा भाग हळू उतरतो आणि खालचा झपाट्याने. डॅशबोर्डवरचा ॲव्हरेजचा आकडासुद्धा अंदाजच असतो. तुलनेला तो ठीक, हिशेबाला नाही.

१. एक पंप आणि त्यावरचं एक मशीन ठरवा. दर वेळी गाडी त्याच जागी, त्याच दिशेने उभी करा. जमीन थोडी जरी कलती असली तरी टाकीत मावणारं पेट्रोल कमी-जास्त होतं.

२. टाकी फुल्ल करायला सांगा आणि नोझल पहिल्यांदा 'टक्' करून आपोआप थांबलं की तिथेच थांबवा. 'साहेब, राउंड फिगर करतो' याला ठाम नकार द्या.

३. ट्रिप मीटर शून्य करा. तारीख आणि ओडोमीटरचा आकडा वहीत लिहा.

४. रोजच्यासारखीच गाडी चालवा. मोजणी चालू आहे म्हणून जपून चालवलंत तर आलेला आकडा तुमचा नाही. मध्ये पेट्रोल भरू नका.

५. पाव टाकी उरली की त्याच मशीनवर पुन्हा पहिल्या 'टक्'पर्यंत भरा. ट्रिपचे किलोमीटर भागिले आत्ता भरलेले लिटर. समजा ३९६ किलोमीटर झाले आणि २१.४ लिटर बसलं, तर ॲव्हरेज १८.५.

६. असं सलग तीन टाक्या करा. शेवटी तिन्हींच्या एकूण किलोमीटरना एकूण लिटरने भागा. तीन ॲव्हरेजचं ॲव्हरेज काढू नका.

तीन टाक्याच का? नोझल थांबण्यात अर्धा-एक लिटर इकडेतिकडे होतंच. पाच लिटरमध्ये एक लिटरची चूक म्हणजे २० टक्के, तीच बावीस लिटरमध्ये साडेचार टक्के. तीन टाक्यांच्या बेरजेत ती आणखी घटते.

सावधान : 'टक्' झाल्यावर टाकी गळ्यापर्यंत भरू नका. पेट्रोलची वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा टाकीला जोडलेला असतो. त्यात द्रव पेट्रोल शिरलं की तो निकामी होतो, गाडी सुरू व्हायला त्रास देते आणि पेट्रोलचा वास येत राहतो.

तपासा : ओडोमीटर खरं बोलतोय का? महामार्गावर किलोमीटर-दगड धरून बरोबर वीस किलोमीटर जा आणि ट्रिप बघा. मीटर २१ दाखवत असेल तर तुमचं ॲव्हरेज पाच टक्के फुगलेलं आहे. टायरचा साइज बदललेल्या गाडीत ही तपासणी टाळूच नका.

## पायरी ३ : टायर

खर्च जवळजवळ शून्य आणि परतावा सगळ्यात मोठा, म्हणून दुरुस्तीची सुरुवात इथून.

हवेचा आकडा पंक्चरवाल्याला विचारू नका. तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. बहुतेक छोट्या गाड्यांत तो ३० ते ३५ पीएसआयच्या दरम्यान असतो, आणि भरलेल्या गाडीसाठी मागच्या चाकांचा आकडा वेगळा असू शकतो.

हा आकडा थंड टायरचा आहे. गाडी किमान तीन तास उभी असली पाहिजे, किंवा दोन-तीन किलोमीटरच्या वर चाललेली नसली पाहिजे. उन्हात वीस किलोमीटर चालून पंपावर गेलात तर टायर तापून हवा तीन-चार पीएसआय जास्त दाखवते. तिथला मुलगा 'जास्त आहे' म्हणत ती सोडून देतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चारही टायर कमी हवेवर असतात. महिनोन्‌महिने हेच चालू राहतं. उपाय सोपा आहे. सकाळी घरी स्वतःच्या गेजने मोजा, किती कमी आहे ते लिहून घ्या आणि पंपावर तेवढीच वाढवा. टायर तापले असले तरी 'तीन वाढवा' म्हणजे तीनच वाढतात.

दर पंधरा दिवसांनी बघा. सुस्थितीतला टायरही महिन्याला एक-दोन पीएसआय सोडतो. स्टेपनी विसरू नका. नायट्रोजनसाठी पैसे मोजायची गरज नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

सावधान : ॲव्हरेजच्या लोभाने ४० पीएसआय भरू नका. ही गाडी साडेसातशे किलोच्या आसपासची, टायर अरुंद. हवा जास्त झाली की पावसात पकड सुटते, ब्रेकचं अंतर वाढतं आणि टायर मधोमध झिजतो.

आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल आणि अलाइनमेंट करून घ्या. सपाट रस्त्यावर स्टिअरिंग हलकं धरल्यावर गाडी एका बाजूला जात असेल, किंवा पुढच्या टायरची एकच कड झिजत असेल, तर दहा हजारांची वाट बघू नका. दिसायला रुबाबदार म्हणून १४५ च्या जागी १६५ चे रुंद टायर घातलेल्या गाड्या बऱ्याच दिसतात. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या अल्टोत तर पार्किंग करताना खांदे भरून येतात, आणि ॲव्हरेज जातं ते वेगळंच.

## पायरी ४ : गाडी मोकळी फिरते का?

ॲव्हरेज नाही म्हटलं की प्लग बदलले जातात, पण चाक धरून ठेवणाऱ्या ब्रेककडे कुणी बघत नाही.

पहिली परीक्षा सपाट पार्किंगमध्ये. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक खाली. एका धडधाकट माणसाने मागून ढकलल्यावर ती हलली पाहिजे आणि हात काढल्यावर थोडी पुढे गेली पाहिजे. लगेच थबकत असेल तर कुठेतरी ब्रेक धरतोय.

दुसरी परीक्षा उष्णतेची. दहा-बारा किलोमीटर शक्य तितके कमी ब्रेक वापरून चालवा, थांबताना हळू थांबा, आणि प्रत्येक रिमपासून इंचभर अंतरावर हाताचा पंजा धरा. पुढची दोन्ही चाकं मागच्यांपेक्षा थोडी गरम असणारच. पण डावं-उजवं यांत स्पष्ट फरक जाणवला तर दोष सापडला. डिस्कला हात लावू नका, भाजेल.

तिसरी परीक्षा जॅकवर. चाक उचलून हाताने फिरवा. पुढच्या डिस्कला हलकं घासल्याचा आवाज येतो, तो चालतो. मागचं ड्रमचं चाक मात्र बऱ्यापैकी मोकळं फिरायला हवं.

पुढे धरत असेल तर बहुतेकदा कॅलिपरच्या (डिस्कला चिमट्यासारख्या धरणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना सुकलेल्या किंवा गंजलेल्या असतात. त्या काढून, साफ करून, ब्रेकसाठीचं खास ग्रीस लावायचं. हे अर्ध्या तासाचं काम आहे. मागे धरत असेल तर हँडब्रेकची केबल गंजलेली असते किंवा लायनर (ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या) जास्त ताणून बसवलेले असतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात गाडी आठवडाभर हँडब्रेक ओढून उभी ठेवली की लायनर ड्रमला चिकटतात. जास्त दिवस उभी ठेवायची असेल तर सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडा.

सावधान : जॅक फक्त सपाट, कठीण जमिनीवर. विरुद्ध टोकाच्या चाकांना (पुढचं उचलताना मागच्या, मागचं उचलताना पुढच्या) ठोकळे लावल्याशिवाय गाडी उचलू नका. मागचं चाक तपासताना हँडब्रेक खाली असतो, तेव्हा पुढच्या चाकांचे ठोकळे हाच आधार. गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग घालू नका.

तपासा : क्लच घसरतोय का? मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० ला असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढला पण वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच प्लेट संपत आली आहे.

## पायरी ५ : इंजिनाचा श्वास आणि तापमान

एअर फिल्टर क्लिपा उघडून स्वतः काढता येतो. उजेडासमोर धरा. घड्यांमधून प्रकाश दिसत नसेल तर नवा घाला. मध्यम मळलेला असेल तर आतल्या स्वच्छ बाजूने बाहेर अशी हवा मारा. उलटी मारली तर धूळ कागदात आणखी खोल जाते. धुवू नका. कच्च्या रस्त्याच्या किंवा बांधकामाच्या परिसरात राहत असाल तर मॅन्युअलमधल्या मुदतीच्या निम्म्यावरच बघा.

तीन सिलिंडरच्या गाडीत एक प्लग जरी नीट पेटत नसला तरी एक तृतीयांश ताकद जाते. गाडी सिग्नलला उभी असताना नेहमीपेक्षा जास्त थरथरते आणि चढावर दम टाकते. प्लगचं टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. तेलकट काळं असेल तर ऑइल जळतंय. बदलायचे तर तिन्ही एकदम बदला.

ऑइलबाबत आग्रहाने सांगायचं आहे. नव्या छोट्या इंजिनांना ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असं पातळ ऑइल लागतं. 'आपल्याकडच्या गरमीला जाडं बरं' म्हणून गॅरेजात २०डब्ल्यू-५० ओतलं जातं, आणि मग ते घट्ट ऑइल ढवळण्यातच इंजिनाची ताकद खर्च होते. बाटली स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पातळी डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मध्ये हवी, वरच्या खुणेच्या वर नको.

थर्मोस्टॅटचा, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणाऱ्या झडपेचा, प्रकार तर सर्रास चालतो. गाडी गरम होते अशी तक्रार घेऊन गेलं की मेकॅनिक थर्मोस्टॅटच काढून टाकतो. गाडी गरम व्हायची थांबते, मालक खूश. पण आता इंजिन कधीच पूर्ण तापत नाही. ते थंड आहे असं समजून गाडीतला संगणक जास्त पेट्रोल सोडत राहतो. सेकंडहँड गाडीत तर हे हमखास तपासा. हीटर असेल तर दहा-पंधरा मिनिटं चालवल्यावर गरम हवा आली पाहिजे. कोमटच आली तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडाच अडकलाय. गॅरेजमधल्या स्कॅनरवर कूलंटचं तापमान ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान स्थिर दिसायला हवं.

सावधान : गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका. नळाचं पाणी भरू नका, कूलंटच भरा.

इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला असेल तर तो आधी स्कॅन करून घ्या. ऑक्सिजन सेन्सर बिघडला असेल तर वरचं काहीही करून फरक पडत नाही. ओबीडीच्या (स्कॅनर जोडायच्या) सॉकेटमध्ये खोचायच्या 'पेट्रोल बचत' डब्या आणि पेट्रोलच्या पाइपला बांधायची चुंबकं घेऊ नका. त्या पैशांत एअर फिल्टर आणि प्लग दोन्ही येतात.

## पायरी ६ : वजन

डिकी रिकामी करा. पाण्याचा कॅन, जुन्या चटया, लग्नाच्या वेळेपासून पडून असलेली सतरंजी. पन्नास किलो म्हणजे या गाडीच्या वजनाचे सहा-सात टक्के. टपावरचा कॅरिअर रिकामा असला तरी वारा अडवतो. जॅक, पाना, स्टेपनी मात्र राहू द्या.

इथे थांबा आणि आणखी एक टाकी मोजा. गाडी दुरुस्त झाल्याने किती फरक पडला हे वहीत वेगळं दिसलं पाहिजे.

## पायरी ७ : चालवणं

सुरुवात. सकाळी पाच मिनिटं गाडी उभी ठेवून गरम करायची गरज नाही. वीस-तीस सेकंद पुरेत. मग पहिले दोन किलोमीटर रेस न देता चालवा. थंड इंजिन सर्वाधिक पेट्रोल खातं, म्हणून दोन किलोमीटरच्या चार वेगळ्या फेऱ्यांपेक्षा आठ किलोमीटरची एक फेरी स्वस्त पडते. दूध, बँक, क्लास एकाच फेरीत बसवा.

गिअर. बऱ्याच स्वस्त व्हेरिएंटमध्ये आरपीएमचा काटा नसतो, म्हणून वेगावर जा. सपाट रस्त्यावर १२-१५ ला दुसरा, २५-३० ला तिसरा, ४०-४५ ला चौथा आणि ५५-६० ला पाचवा. उलटी चूकही तितकीच महागात पडते. तिसाच्या वेगात चौथा टाकून ॲक्सिलरेटर दाबत राहिलं की इंजिन घुटमळतं, गाडी थरथरते आणि पेट्रोलही जास्त जातं. थरथर जाणवली की लगेच एक गिअर खाली. उड्डाणपुलावर चढण्याआधी सपाटीवरच थोडा वेग घ्या. मध्यावर दम तुटल्यावर गिअर पाडून रेस देणं महाग पडतं.

ब्रेक. प्रत्येक ब्रेक म्हणजे आधीच जाळलेलं पेट्रोल फुकट. पुढच्या गाडीपासून किमान तीन सेकंद मागे राहा. लांबून लाल दिवा दिसला की ॲक्सिलरेटर सोडा, गाडी गिअरमध्येच राहू द्या. गर्दीत मध्ये रिक्षा शिरेल. शिरू द्या.

उतार. कात्रज, खंबाटकी, कसारा, कुठलाही घाट असो, न्यूट्रल करू नका. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला आणि ॲक्सिलरेटर सोडलेला असला की इंजेक्टर पेट्रोल बंद करतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळत राहतं. वर सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि खाली वळणावर लागत नाहीत. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये उतरा.

सिग्नल. एवढं छोटं इंजिनही नुसतं उभं राहून तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास पितं, एसी असेल तर त्याहून जास्त. टायमर तीस सेकंदांहून जास्त दाखवत असेल तर इंजिन बंद करा. बॅटरी म्हातारी झाली असेल तर हे करू नका. चढ-उतारावर किंवा गाडी सरकत असताना तर मुळीच नको. इंजिन बंद असताना ब्रेकची मदत एक-दोन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखं होतं.

क्लच. छोट्या गाडीत डावा पाय टेकवायला जागा नसते, म्हणून तो क्लचवर विसावतो आणि प्लेट जळते. गिअर बदलला की पाय जमिनीवर. चढावर हाफ क्लचवर गाडी तोलू नका, हँडब्रेक वापरा. एएमटी (क्लचचं पेडल नसलेल्या, गिअर आपोआप बदलणाऱ्या) गाडीतही हेच. तिथेही आत क्लचच आहे आणि चढावर ॲक्सिलरेटरने गाडी धरली की तो तापतो.

एसी. छोट्या इंजिनाला कॉम्प्रेसरचा भार मोठा. उन्हात उभी राहिलेली गाडी असेल तर आधी मिनिटभर काचा उघड्या ठेवून चालवा, गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी लावून आतलीच हवा फिरवा. शहरातल्या वेगात काचा उघड्या ठेवून चालत असेल तर तेच स्वस्त. साठच्या पुढे काचा बंद. हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी लावा, नाहीतर सील सुकून गॅस जातो.

महामार्ग. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ८० वरून १०० ला गेलं की तो दीडपटीहून अधिक होतो. डाव्या लेनमध्ये ७०-८० धरून चला.

## पायरी ८ : पुन्हा मोजा आणि वही चालू ठेवा

पुन्हा तीन टाक्या, त्याच पंपावर, त्याच पद्धतीने. तुलना त्याच ऋतूतल्या आकड्याशी करा. पावसाळ्यात ओला रस्ता, काचेवरचं धुकं घालवायला लावलेला एसी आणि तुंबलेली रहदारी यांमुळे ॲव्हरेज उतरतंच.

पुढे दर टाकीला किलोमीटर आणि लिटर एवढं लिहिलं तरी पुरे. एका टाकीचा आकडा घसरला तर काही करू नका. सलग दोन टाक्या दहा टक्क्यांहून जास्त घट दिसली, तर गॅरेजला जायच्या आधी सकाळी टायरची हवा मोजा, दहा-बारा किलोमीटर चालवून चारही रिमजवळ हात धरा, आणि डावं-उजवं यांत फरक दिसला तर कुठलं चाक ते सांगूनच गाडी मेकॅनिककडे द्या.